डीबगर आहे की, मग प्रिंट कशाला?

नव्या टीममध्ये गेले की हा प्रश्न येतोच. बग शोधायचे हे दोन रस्ते: डीबगर म्हणजे कोडमध्ये ‘ब्रेकपॉइंट’ची खूण लावून चालता प्रोग्राम तिथे थांबवायचा आणि आत डोकवायचं; प्रिंट म्हणजे कोडमध्येच ओळी पेरून तो कुठवर आला ते छापून बघायचं. माझ्या स्क्रीनवर ‘इथे आलो’, ‘इथे आलो २’ अशा ओळी धावताना कुणीतरी बघतं आणि म्हणतं, "अगं, ब्रेकपॉइंट लाव ना, सरळ दिसेल." सूर असा, की बाईंना डीबगर येत नसावा. येतो. ठरावीक अट पुरी झाली तरच थांबणारा कंडिशनल ब्रेकपॉइंट येतो, कोअर डम्प (मरतानाच्या मेमरीची प्रत) उघडून मेलेल्या प्रोसेसचा स्टॅक, म्हणजे कुठलं फंक्शन कुठून बोलावलं गेलं ते, वाचता येतं. एखादं व्हेरिएबल नक्की कोण बिघडवतंय हे कळत नसेल, तर आजही मी आधी वॉचपॉइंटच (ते व्हेरिएबल बदललं की थांबवणारी खूण) लावते. तिथे प्रिंट पेरत बसणं हा निव्वळ हट्ट झाला.

आणि हो, एके काळी हाच प्रश्न मीही विचारायचे, याच सुरात. ‘प्रिंट लावणं म्हणजे अडाणीपणा’ हे माझंच वाक्य. ज्यांनी ते ऐकलंय ते अजून संधी सोडत नाहीत.

एका सर्व्हिसमध्ये क्वचित कधीतरी एका रिक्वेस्टचं उत्तर दुसऱ्याच रिक्वेस्टला जायचं. एरर नाही, क्रॅश नाही, फक्त चुकीच्या माणसाला चुकीची माहिती. लोडखाली, म्हणजे रिक्वेस्टची गर्दी असताना, मी ते स्वतः पाहिलं होतं. मीटिंगमध्ये सांगितलं तर लगेच फर्मान: "डीबगर लावून दाखव." स्क्रीन शेअर केली, कनेक्शन पूलच्या (उघडी कनेक्शनं साठवून पुन्हा पुन्हा वापरायची सोय) कोडमध्ये ब्रेकपॉइंट लावला. सगळे बघताहेत. एक रिक्वेस्ट, थांबा, बघा, पुढे. दुसरी, थांबा, बघा, पुढे. सगळी उत्तरं अचूक. तासभर हेच चाललं. शेवटी कुणीतरी अगदी मऊ आवाजात म्हणालं, "तुझा टेस्ट डेटा एकदा तपासून घे." तिकिटावर ‘पुन्हा घडवता आलं नाही’ असा शेरा पडला आणि ते बंद झालं. रागापेक्षा वाईट काय वाटलं सांगू? त्या संध्याकाळी मलाही शंका आली, की आपण ते खरंच पाहिलं होतं ना?

बग का दिसला नाही, ते नंतर उमगलं. जीडीबी या डीबगरमध्ये ब्रेकपॉइंटवर एक थ्रेड (प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या धाग्यांपैकी एक) थांबला की बाकीचेही थांबतात, हा तिथला डीफॉल्ट. घड्याळ मात्र थांबत नाही. आमच्या पूलमध्ये ३० सेकंद पडून राहिलेलं कनेक्शन बंद व्हायचं. आम्ही व्हेरिएबल्स न्याहाळत चर्चा करणार, तोवर ३० सेकंद केव्हाच उलटलेली. पुन्हा चालू केलं की सगळी जुनी कनेक्शनं बाद, प्रत्येक रिक्वेस्टला कोरं कनेक्शन. बग तर जुनं कनेक्शन पुन्हा वापरण्यातच होता! ज्या जागी तो राहायचा ती जागाच आम्ही बघता बघता रिकामी करत होतो.

आता प्रिंटची बाजू घेणाऱ्यांनी टाळ्या वाजवू नयेत. प्रिंट लावल्यावरही तो जवळजवळ गायब झाला. प्रिंटएफ हे छापायचं फंक्शन आतून आउटपुटच्या स्ट्रीमला लॉक घेतं, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडतं, त्यामुळे सगळे थ्रेड तिथे रांगेत उभे राहिले आणि एकमेकांवर आदळेनासे झाले. शिवाय आउटपुट फाइलकडे वळवलं की ते बफरमध्ये, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या जागेत, साठतं. प्रोसेस अचानक मेली तर नेमक्या शेवटच्या ओळी हरवतात. स्टँडर्ड एरर या दुसऱ्या आउटपुटचं तसं नाही, पण हे आठवायला आधी एकदा फसावं लागतं.

शेवटी प्रत्येक थ्रेडला मेमरीत एक छोटा अ‍ॅरे दिला. त्यात फक्त वेळ, कनेक्शनचा नंबर आणि पायरीचा कोड. चुकीचं उत्तर पकडलं गेलं की सगळे अ‍ॅरे फाइलमध्ये ओतायचे. त्यात दिसलं: ‘मोकळं आहे का’ हे लॉक घेऊन तपासलं जात होतं, मग लॉक सोडून, पुन्हा घेऊन ‘माझं’ अशी खूण केली जात होती. मधल्या फटीत दुसरा थ्रेड तेच कनेक्शन उचलायचा. दोन्ही पायऱ्या एकाच लॉकखाली आणल्या, संपलं. तिकीट पुन्हा उघडून बंद केलं. त्या मीटिंगबद्दल कुणी काही बोललं नाही, मीही नाही.

"थ्रेडसॅनिटायझर का नाही वापरलास?" हे पुढचं ठरलेलं वाक्य. लॉक वगैरे न घेता दोन थ्रेड एकाच वेळी एकच डेटा हाताळतात ती डेटा रेस; ती पकडणारा हा प्रोग्राम. वापरला. दोन्ही पायऱ्या आपापल्या जागी लॉकमध्येच होत्या, म्हणून त्याच्या लेखी डेटा रेस नव्हतीच. तो गप्प राहिला, आणि त्याच्या नियमांनी बरोबरच राहिला.

तरी माझी बाजू भक्कम आहे असं नाही. दुसऱ्याचा अनोळखी कोड समजून घ्यायचा तर डीबगरने एकेक पायरी चालत जाणं मला अजून आवडतं. ऑप्टिमाइज केलेल्या बिल्डमध्ये हवं ते व्हेरिएबल ‘ऑप्टिमाइज्ड आउट’ (वेगासाठी कंपायलरने काढून टाकलेलं) दिसलं की मात्र हात आपोआप प्रिंटकडे जातो. सवय किती आणि कारण किती, ते मला सांगता येणार नाही.

ज्याच्याशी माझा सगळ्यात जास्त वाद होतो तो सहकारी म्हणतो, तुझा तो अ‍ॅरे म्हणजे ट्रेसिंग (प्रोग्राम चालताना घडामोडींची नोंद ठेवणं), प्रिंट नव्हे. उगाच प्रिंटला श्रेय देऊ नकोस. मी म्हणते, शेवटी फाइलमध्ये ओळी लिहून त्या डोळ्यांनीच वाचल्या ना? यावर आमचं अजून जमलेलं नाही.