पाट्यांपासून लिंकपर्यंत: आमची वाटचाल

कोल्हापूरच्या उद्यमनगरात वडिलांचं पाट्यांचं, म्हणजे ट्रकच्या लीफ स्प्रिंगचं गॅरेज होतं. उसाचा हंगाम लागला की ट्रकांची रांग लागायची. तुटलेला मेन पाटा काढा, नवा सेंटर बोल्ट घाला, यू-बोल्ट आवळा. मागचा एक्सल म्हटला की पाटे आलेच, हे लहानपणापासून डोक्यात बसलेलं. आज कॅलिफोर्नियात पोमोनाला आमच्या शेडमध्ये गाडी आली की आम्ही पहिल्यांदा तिचे पाटे उतरवतो, आणि ते परत चढत नाहीत.

इथे मिनी ट्रक म्हणजे शेवरोले एस-१०, माझदा बी-२२००, जुनी टोयोटा असले छोटे पिकअप. हौशी पोरं ते इतके खाली बसवतात की उभी गाडी चासीवर टेकते. रस्त्यावर मात्र रिमच्या खालच्या कडेपेक्षा गाडीचा कुठलाही भाग खाली नको, असा इथे २०२३ संपेपर्यंत कायदा होता. १९५०च्या दशकाच्या अखेरीस सॅन बर्नार्डिनोकडच्या रॉन अगीरे यांनी हायड्रॉलिक बसवून त्यातून वाट काढली: थांबल्यावर खाली, चालताना वर. हायड्रॉलिकच्या जागी आम्ही हवेच्या बॅगा घालतो.

पण पाटा दोन कामं करतो. वजन पेलतो आणि एक्सलही जागेवर धरतो. बॅग नुसतं वजन पेलते. एक्सल पुढेमागे सरकू नये, बाजूला जाऊ नये, स्वतःभोवती फिरू नये, हे सगळं लिंकांनी, म्हणजे चासी आणि एक्सल जोडणाऱ्या दांड्यांनी सांभाळायचं. आमचा धंदा या लिंकांचाच.

२००९ साली मी आणि बायकोने शेड भाड्याने घेतली. ती ड्रॉइंग आणि हिशेब बघते, मी कटिंग-वेल्डिंग. पहिलीच गाडी आली ती एका पोराची माझदा. मी सोपा मार्ग धरला: एक्सलला घट्ट जोडलेले २४ इंची दोनच दांडे आणि एक्सल बाजूला सरकू नये म्हणून आडवा पॅनहार्ड बार. गाडी देखणी बसली. दोन महिन्यांत प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉस, म्हणजे कोनात फिरणारा सांधा गेला. बायकोने कागदावर मांडून दाखवलं: दांडा एक्सलला घट्ट असेल तर ८ इंचांच्या चढउतारात पिनियन (एक्सलचं शाफ्टला जोडलेलं तोंड) १९ अंशांहून जास्त फिरतो. एका उंचीला कोन जुळवला की बाकी सगळीकडे बिघडतो, मग शाफ्ट थरथरणारच. "पैसे परत दे, नाहीतर काम परत कर," एवढंच म्हणाली. सगळं कापून मी फोर-लिंक केलं, फुकट. वरच्या-खालच्या लिंका समांतर आणि सारख्या लांबीच्या असल्या की पिनियनचा कोन वर-खाली होताना ढळत नाही.

तेव्हापासून माप पक्कं झाल्याशिवाय कटर चालू करायचा नाही, हा शेडचा नियम. गाडी चालायच्या उंचीला स्टँडवर घ्यायची. एक्सलच्या दोन्ही टोकांपासून आणि लिंकेच्या प्रत्येक भोकातून ओळंबा सोडायचा, फरशीवर खडूने खुणा करायच्या. गाडी बाजूला ढकलली की अख्खं सस्पेन्शन जमिनीवर काढलेलं दिसतं. कर्ण मोजायचे, दोन्ही सारखे आले तरच पुढे. यात अर्धा दिवस जातो. गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी तो अर्धा दिवस मी सोडत नाही.

पॅनहार्ड बारवरूनही लोकांशी वाद होतात. बार चालायच्या उंचीला आडवा, आणि जमेल तितका लांब हवा. २० इंची बार असेल तर गाडी ४ इंच खाली बसताना एक्सल ०.४ इंच बाजूला सरकतो. ३० इंची असेल तर पाव इंचाच्या आसपास. हौद्यात चाक बोटभर जागेत फिरत असतं, तिथे तेवढ्या फरकाने टायर घासतो. रोजच्या गाडीला लिंकेच्या टोकाला लोखंडी रॉड-एंडही (गोळ्याचा सांधा) मी लावत नाही. धूळ-खडीत ते लवकर झिजतात आणि सगळा आवाज केबिनमध्ये येतो. नळीत बसणारे मऊ बुशच बरे.

२०१६ साली वडील, आमचे आण्णा, इथे आले होते. लिफ्टवर एस-१० होती. खाली उभे राहून त्यांनी एकेक लिंक हाताने चाचपली, बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एका बुशवर बोट ठेवून म्हणाले, "आणि गिरीस कुठनं मारायचं रं?"

त्याच संध्याकाळी आठही बुशांच्या नळ्यांना भोकं पाडून ग्रीस भरायचे निपल बसवले. आता शेडमधून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक लिंकेला ते असतात.