बुंध्यापाशी दाबलेली माती

सांगली, २९ ऑगस्ट, रात्र

दुपारी दोनच्या सुमारास मागचे दार उघडले, तेव्हा मांडवावरचा दोडका मान टाकून बसलेला दिसला. एखादे पान नव्हे, सगळा वेल. पाने हिरवीगार होती, पिवळेपणाचा कुठे मागमूस नव्हता, पण प्रत्येक पान देठातून खाली लोंबत होते. सकाळी सातला मीच त्याचे दोन नवे तणावे सुतळीवर वळवून दिले होते आणि तेव्हा तो चांगला टवटवीत होता. आधी मनात मर रोग आला, कारण आमची काळी माती पाणी धरून ठेवते आणि मुळे कुजतात. पण मर लागली की बहुधा खालची पाने आधी पिवळी पडतात. एका सकाळीत हिरवा वेल असा कोसळत नाही. म्हणून खाली बसून बुंधा पाहिला. जमिनीपासून दोन बोटांवर वेल आरपार तुटलेला होता. खुरप्याचा तिरका, स्वच्छ घाव. आणि त्या तुटक्या टोकाभोवती ओली माती रचून बोटांनी घट्ट दाबून बसवलेली होती. अंगठ्याचा ठसासुद्धा दिसत होता.

खुरपणी सकाळी ह्यांनी केली होती. खुरपे कोणाच्याही हातून निसटते, त्याचे मला काही वाटले नाही. मला लागली ती ती दाबलेली माती. साडेबाराला आम्ही समोरासमोर बसून जेवलो. ह्यांनी आमटी दुसऱ्यांदा मागून घेतली, आयर्विन पुलापाशी पाणी उतरत असल्याची बातमी मला वाचून दाखवली, आणि वेलाबद्दल अवाक्षर काढले नाही.

काल संध्याकाळी त्या वेलाचे पहिले मादी फूल उमलले होते. जूनमध्ये रात्रभर भिजवून लावलेल्या चार बियांतला हा एकच वेल टिकला, आणि गेले दहा-बारा दिवस त्याला येत होती ती सगळी नर फुले. झुबक्याने यायची, दुसऱ्या दिवशी गळून मांडवाखाली पिवळा सडा पडायचा, आणि वेल वांझोटा निघाला असे मी मनाशी धरून चालले होते. मादी फूल एकटे येते आणि त्याच्या मागे शिरांसकट, करंगळीपेक्षाही लहान दोडका असतो, हे काल डोळ्यांनी पाहिले तेव्हा नीट कळले. दोडक्याचे फूल उमलते दिवेलागणीला आणि त्या वेळी मधमाश्या फारशा नसतात, म्हणून मी बॅटरी धरली आणि ह्यांनी एक नर फूल खुडून, त्याच्या पाकळ्या काढून, परागकण मादी फुलाला हलकेच टेकवले. "झालं गं," असे म्हणून ते कितीतरी वेळ तसेच वाकून उभे राहिले. इतके जपून काही हाताळताना मी त्यांना फार दिवसांनी पाहिले. ज्याने काल हे केले, त्याला आज सांगावेसे वाटले नाही?

दुपारभर मी हाच प्रश्न घोळवत होते. कारखान्याचे मला वाण्याच्या दुकानात, तिसऱ्याच बाईच्या तोंडून कळले होते. तेव्हाही घरात असेच समोरासमोर जेवण होत होते आणि मला वाटत होते की सगळे आलबेल आहे. तो विषय मी इथे लिहिणार नाही. पण आज मातीतला तो अंगठा पाहून पोटात जो खड्डा पडला, तो त्या वेळच्या खड्ड्याच्या अगदी ओळखीचा होता. मला वाईट गोष्ट पेलणार नाही असे ह्यांना वाटते, की ती सांगण्याइतकी मी जवळची नाही? धाकटीचा फोन आला तेव्हा आवाज चढेल म्हणून तिच्याशीही नीट बोलले नाही.

चार वाजता वांग्यांना पाणी घालायला गेले आणि तिथे माझा राग अडखळला. ही रोपे ह्यांची. महिनाभर कुंडीत वाढवली, मग पाच उत्तम निवडून त्या पट्ट्यात लावली जिथे २०१९ च्या पुराने टाकलेला गाळ अजून भुसभुशीत आहे. कृष्णाकाठच्या वांग्यांचे भरीत स्वतःच्या परसातल्या फळांचे करायचे, हा ह्यांचा जूनपासूनचा धोशा आहे. गेल्या रविवारी पहिली तीन फळे मुठीएवढी झाली होती. पण तिन्हींना बारीक भोक होते आणि भोकाच्या तोंडाशी भुसा. एक चिरून पाहिले तर आत गुलाबीसर अळी. आधी शेंडे मलूल झाले होते, तेव्हाच ते खाली कापून नष्ट करायला हवे होते, कारण अळी आत शिरली की वरून कितीही निंबोळी अर्क फवारला तरी तिच्यापर्यंत पोहोचत नाही. ते काम माझ्याकडे होते आणि मी ते टाळले होते. तिन्ही फळे साबणाच्या पाण्याच्या बादलीत बुडवली, दुसऱ्या दिवशी कचऱ्यात टाकली, आणि रविवारी संध्याकाळीच ह्यांनी विचारले तेव्हा "अजून धरलं नाही" असे सरळ सांगून टाकले.

मी का लपवले? त्यांच्या तोंडावरचा तो भाव मला पुन्हा बघायचा नव्हता, म्हणून. त्यांना परके मानून मी ते केले नव्हते, हे मला माझ्यापुरते पक्के ठाऊक आहे. मग त्यांच्या मातीबद्दल मी वेगळा न्याय का लावते आहे? तरीही लागायचे ते लागलेच आहे, आणि ते नाकारून मला हे पान लिहायचे नाही.

दिवे लागल्यावर आम्ही मागच्या पायरीवर बसलो. ते फूल सकाळी मिटले तसेच वाळून दोडक्याच्या टोकाला चिकटले होते. बराच वेळ गेल्यावर हे म्हणाले, "दोडक्याला मर लागलेली दिसते."

"काळी माती आहे. पाणी धरते," मी म्हटले.

ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "उन्हाळी दोडका फेब्रुवारीत लावता येतो ना? त्या वेळी बुंध्याशी खुरपं नको. हातानंच तण काढू."

मी "बरं" म्हटले. घसा दाटून आला होता, म्हणून थोडे थांबले आणि सांगून टाकले, "अहो, वांग्याला तीन फळं धरली होती."

"माहीत आहे. बादलीत बघितली मी."

तेव्हा लक्षात आले की सोमवारपासून ह्यांनी वांग्याविषयी मला एकदाही विचारलेले नाही. रोज सकाळी वांग्यांपाशी उभे राहत होते, पण विचारत नव्हते.

उद्या उजाडताच दोघांनी बसून वांग्याचे सगळे मलूल शेंडे खुडायचे ठरले आहे. मेथी पंचवीस दिवसांची झाली आहे, तीही उपटावी लागेल, नाहीतर निबर होईल. वाळत चाललेला वेल मांडवावर तसाच आहे. उतरवू का, असे ह्यांनी विचारले, तेव्हा मी एवढ्यात नको म्हटले.