चार वेळा बॅटिंग, शून्य हिट

बुधवार, रात्री उशिरा

नॅट पीपल्स या कृष्णवर्णीय बेसबॉलपटूचे आकडे आज पुन्हा काढून बसले. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या सदर्न असोसिएशन लीगमध्ये सामने २, चार वेळा बॅटिंग, हिट ०. एकदा पिचरचे चार बॉल बाहेर गेले म्हणून पहिला बेस फुकटात मिळाला, तेवढीच काय ती कमाई.

एप्रिल १९५४, गाव मोबाइल, राज्य अलाबामा, अंगावर अटलांटा क्रॅकर्स संघाची जर्सी. पहिल्या दिवशी पिंच हिटर (दुसऱ्याच्या जागी बॅटिंगला आलेला) म्हणून आला आणि बॉल सरळ पिचरकडेच गेला. दुसऱ्या दिवशी लेफ्ट फील्डला सुरुवातीपासून खेळला. मग थोड्याच दिवसांत रवानगी खालच्या लीगमध्ये, जॅक्सनव्हिलला, जिथून पुढे दिग्गज ठरलेला कृष्णवर्णीय खेळाडू हँक आरन आदल्याच वर्षी खेळून गेला होता. अटलांटात लीगचा एकही सामना पीपल्सच्या वाट्याला आला नाही. त्या लीगमध्ये खेळलेला तो एकमेव कृष्णवर्णीय. आधी कोणी नव्हता, नंतर कोणी आला नाही.

फॉर्म नव्हता म्हणावं, तर चार वेळा बॅट फिरवून कुणाचं काय कळतं? आणि लीगमधल्या उरलेल्या सात संघांनी एकही कृष्णवर्णीय घेतला नाही, त्याचं काय? त्यातला एक अलाबामातल्याच बर्मिंगहॅमचा. त्या शहराच्या कायद्यात काळ्या-गोऱ्यांनी एकत्र खेळू नये अशा गोष्टींची यादीच होती: पत्ते, फासे, डॉमिनो... बेसबॉलही. (डॉमिनो! हे कुणीतरी बसून विचारपूर्वक लिहिलं असणार.) जानेवारी १९५४ मध्ये बंदी सैल केली, जूनमध्ये मतदारांनी ती मतदान करून परत आणली. पीपल्सचे दोन सामने नेमके त्या मधल्या फटीतले.

काळे खेळाडू घेतले तर प्रेक्षक येणार नाहीत ही सबब तर मला मुळीच पटत नाही. १९४९ मध्ये मेजर लीगमधली वर्णबंदी मोडणारा जॅकी रॉबिन्सन त्याच्या डॉजर्स संघाबरोबर अटलांटात प्रदर्शनी सामने खेळला, तेव्हा कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेने धमकावूनही मैदान ओसंडून वाहिलं होतं. कच खाल्ली ती मालकांनी.

पुढे टीव्हीने गर्दी पळवली, काळ्या प्रेक्षकांनी पाठ फिरवली, पण संघ गोरेच राहिले. १९६१ च्या मोसमानंतर लीगच बंद पडली. क्रॅकर्स मग इंटरनॅशनल लीगमध्ये गेले. त्या लीगमध्ये रॉबिन्सन मॉन्ट्रियलकडून खेळला त्याला तोवर १६ वर्षं झाली होती.