आमची वाटचाल : नाशिकच्या बरण्या आणि गोव्यातला लांब मुक्काम

शेंगदाण्याचं बटर, गंधकाची धुरी न दिलेले बेदाणे आणि म्यूस्ली, म्हणजे ओट्स-बेदाण्याचं न्याहारीचं मिश्रण. नाशिकच्या अंबडमधला आमचा छोटा कारखाना या तीन मालांवर उभा राहिला, आणि सुरुवातीची काही वर्षं यातला बहुतेक माल गोव्यात खपत असे. हरमल, मांद्रे, हणजूण, खाली पाळोळे आणि आगोंद. घेणारे युरोपातले, रशियातले, इस्रायलचे लोक. ऑक्टोबरात खोली भाड्याने घ्यायची, मार्चअखेरीपर्यंत राहायचं आणि सकाळची न्याहारी स्वतःच्या हाताने करायची, अशी त्यांची रीत. दोघांच्या घरात 1 किलोची बरणी साधारण महिनाभर पुरते. म्हणून आमची पहिली बरणी 1 किलोची होती.

या ग्राहकाने आम्हाला काम शिकवलं. बटरमध्ये साखर नको, घट्टपणासाठी वनस्पती तूप नको, असं त्याचं स्पष्ट म्हणणं असायचं. मग दाण्यावरच सगळं येतं. आम्ही दाणे 160 अंशांवर 35 ते 40 मिनिटं भाजतो, दाणा फोडून आतला रंग फिकट सोनेरी आहे का ते बघतो, साल काढतो आणि टोकाचा अंकुरही काढतो, कारण कडवटपणा तिथून येतो. सुरकुतलेला, काळपट दाणा हातानेच वेचावा लागतो. बुरशीचं विष अशा दाण्यात असतं आणि भाजल्याने ते पूर्ण जात नाही. वनस्पती तूप नसल्यामुळे दहा-बारा दिवसांत तेल वर येतं. हा दोष नाही, पण दुकानदार बरणी परत पाठवत. मग 'उलटी ठेवा, ढवळून खा' असं झाकणावरच छापलं, तेव्हा तक्रारी थांबल्या.

बेदाण्याचं गणित वेगळं. दिंडोरी, पिंपळगावकडची थॉमसन जातीची द्राक्षं 22 ब्रिक्सच्या (रसातल्या साखरेचं माप) वर गोडी आल्यावरच घ्यायची. 1 लिटर पाण्यात 25 ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि 15 मिली डिपिंग ऑईल (द्राक्ष लवकर वाळावं म्हणून वापरायचं तेल), त्यात दोन-तीन मिनिटं बुडवून शेडमधल्या जाळीवर बारा ते पंधरा दिवस सावलीत वाळवायची. 4 किलोंहून थोड्या जास्त द्राक्षांतून 1 किलो बेदाणा मिळतो. गंधक नाही म्हणून रंग तपकिरी राहतो. बाजाराला पिवळा हवा असतो, गोव्यातल्या या लोकांना तपकिरीच हवा असे.

म्यूस्लीत मात्र सुरुवातीला आम्ही चुकलो. बेदाण्यात 15 टक्क्यांच्या आसपास ओलावा असतो, भाजलेल्या ओट्समध्ये तीन-चार टक्के. एका पिशवीत भरले की ओलावा ओट्सकडे सरकतो आणि तीन आठवड्यांत कुरकुरीतपणा जातो. किनाऱ्यावरच्या दमट हवेत तर त्याहून लवकर. तेव्हापासून बेदाणा आतल्या वेगळ्या पुडीत जातो.

आता मुख्य गोष्ट. हा ग्राहक कमी का झाला?

गोव्याच्या पर्यटन खात्याचे आकडे सांगतात की 2019 मध्ये सुमारे 9 लाख 37 हजार विदेशी पर्यटक आले, 2023 मध्ये साडेचार लाखांच्या आसपास आणि 2024 मध्ये 4 लाख 67 हजार. त्याच 2024 मध्ये देशी पर्यटक 99 लाखांच्या वर गेले. म्हणजे गोवा ओस पडलेला नाही. पण आमच्या धंद्याला डोक्यांची संख्या फारशी उपयोगाची नाही. पाहुणा किती दिवस राहतो आणि त्याच्या खोलीत चूल आहे का, यावर बरणी विकते.

कोरोनाच्या आधीच घसरण सुरू झाली होती. 2014 च्या शेवटी रशियाचा रुबल कोसळला आणि रशियन पाहुण्यांच्या मोरजी पट्ट्यातली मागणी त्याच हंगामात बसली. 23 सप्टेंबर 2019 ला ब्रिटनची थॉमस कूक ही सहल कंपनी बंद पडली, तीही हंगाम तोंडावर असताना. सहल कंपनीने ठरवून आणलेलं चार्टर विमान गेलं की त्याच्यासोबत येणारा ठरलेला पाहुणा गेला. मग दोन हंगाम कोरोनाने खाल्ले. त्यानंतर ब्रिटिशांना ई-व्हिसा डिसेंबर 2022 पर्यंत मिळत नव्हता, म्हणजे सहलीचं बुकिंग होतं त्याच महिन्यांत कागदी व्हिसाची रांग. मार्च 2022 मध्ये रशियन बँकांची कार्डं परदेशात चालेनाशी झाली. सहा महिने राहणाऱ्याला रोख रकमेवर किती दिवस काढता येतील?

दुसरीकडे व्हिएतनामने 15 ऑगस्ट 2023 पासून 90 दिवसांचा ई-व्हिसा सर्व देशांना खुला केला. थायलंडने 15 जुलै 2024 पासून 93 देशांच्या लोकांना 60 दिवस व्हिसाशिवाय राहू दिलं. थंडीतले तीन महिने कुठे काढायचे, हे ठरवणारा माणूस असे कागद शेजारी शेजारी ठेवून बघतो.

त्यात भाडं. जानेवारी 2023 मध्ये मोपा विमानतळावरून उड्डाणं सुरू झाली आणि हरमल-मांद्रे ज्यात येतात त्या पेडणे तालुक्यातल्या जागांना वेगळीच किंमत आली. सहा महिन्यांना एका परदेशी जोडप्याला खोली देण्यापेक्षा शनिवार-रविवारी चौघांना देणं घरमालकाला परवडतं. शिवाय परदेशी पाहुणा ठेवला की 24 तासांत त्याची माहिती सरकारला कळवायची, तो व्याप वेगळा. घरमालकाचा हिशेब चुकीचा म्हणता येत नाही. टॅक्सीच्या भाड्यावरची रोजची घासाघीस मात्र टाळता आली असती. तिच्या वैतागाने माणसं गेली, आणि त्याबद्दल आम्हाला मनापासून वाईट वाटतं.

तीन दिवसांसाठी येणारं आपल्याकडचं कुटुंब हॉटेलात न्याहारी करतं आणि परतताना काजू नेतं. त्याला 1 किलोची बरणी कशाला? म्हणून 200 ग्रॅमची बरणी आणि 30 ग्रॅमची पुडी काढली. पुडीत वेगळीच अडचण आली. तेल सुटलं की शिवणीतून झिरपतं. आता वाटलेलं बटर 35 अंशांच्या खाली आल्याशिवाय पुडी भरत नाही आणि शिवण थोडी रुंद ठेवतो. तेवढ्याने झिरपणं पुष्कळ कमी झालं.

गोव्यात लांब मुक्काम करणारे आता आहेत ते बंगळुरू, मुंबई, पुण्याहून लॅपटॉप घेऊन आलेले. त्यांच्या खोलीत चूल असते, म्हणून मोठी बरणी पुन्हा थोडी हलू लागली. बाकी माल नाशिक-पुण्यातल्या व्यायामशाळांजवळच्या दुकानांत जातो.

गोव्याचा माल आजही पुणे-कोल्हापूरमार्गे, आंबोली घाट उतरून सावंतवाडीवरून जातो. पूर्वी सप्टेंबरात हंगामाचा साठा एकदम पाठवायचो. आता पंधरा दिवसांच्या विक्रीपुरताच पाठवतो, कारण किनाऱ्यावरच्या उष्ण दुकानात पडून राहिलेलं बटर खवट होतं. नाशिकसाठी लेबलवर सहा महिने छापतो, गोव्यासाठी चार. हरमलच्या दोन दुकानांतून मात्र अजूनही बिनसाखरेच्या 1 किलोच्या बरण्या मागवल्या जातात. ऑर्डर आली की त्याच आठवड्यात दाणा भाजतो.