भिंतीतला दिंडी दरवाजा

माझं लहानपण पुण्यात नारायण पेठेत गेलं. तिथे हमरस्त्यानं जाणारे म्हणजे पाहुणे. आम्ही बोळातून जायचो. एखाद्या वाड्याच्या पुढच्या दारानं शिरायचं नि मागच्यानं बाहेर पडायचं. मधे कुणाच्या तरी आजी ‘पाय आपटत पळू नका गं’ म्हणून ओरडायच्या. मंडईतून तुळशीबाग, रामाला उभ्या उभ्या नमस्कार, की आलाच लक्ष्मी रस्ता. आता अकरा वर्षं बाणेरला राहते. इथले रस्ते ऐसपैस आहेत, पण बोळ म्हणून एक नाही.

आमच्या सोसायटीची मागची भिंत ओलांडली की भाजीवाला, दवाखाना आणि पीएमपी बसचा थांबा. गच्चीतून कोथिंबीर ताजी आहे की शिळी तेही कळतं. जायचं मात्र मुख्य रस्त्यानं वळसा घालून, मोबाइलच्या हिशेबानं एक किलोमीटर चारशे मीटर. मग काय, दहा रुपयांच्या जुडीसाठी गाडी काढायची!

एकदा शिवणाची टेप घेऊन त्या वळशाचा पदपथ मोजत गेले. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मार्गदर्शिकेप्रमाणे पदपथ १५० मिलिमीटरपेक्षा उंच नसावा आणि चालायला निदान १.८ मीटर मोकळी जागा असावी. मला एके ठिकाणी सव्वा फूट उंची सापडली. पुढे विजेची डीपी आणि झाड यांच्यामधून मी आडवी होऊन निघाले. शिवाय प्रत्येक फाटकापाशी उतरायचं, पुन्हा चढायचं. माझ्या गुडघ्यांनी दुसऱ्या फाटकालाच माघार घेतली.

पुण्याचा सायकल आराखडा डिसेंबर २०१७मध्ये मंजूर झाला. औंधच्या डीपी रस्त्यावर, जंगली महाराज रस्त्यावर पदपथ रुंद झाले. तिथे चालताना बरं वाटतं, खोटं कशाला बोलू? पण माझं घोडं अडलं होतं नऊ इंच जाडीच्या भिंतीशी.

सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत भिंतीत दार करायचा विषय मांडला. अध्यक्ष म्हणाले, “मॅडम, दार ठेवलं की चोर येतील.” मी म्हटलं, “वाड्याला दिंडी दरवाजा असायचा, तेव्हा काय चोर नव्हते?” दोन सभा वादात गेल्या. पलीकडची जागा ज्यांची, त्यांची लेखी संमती मिळवण्यात आणखी पाच महिने. शेवटी गवंड्यानं एका दिवसात भिंत फोडून लोखंडी दार बसवलं. भाजीवाला आता एकशे दहा पावलांवर आला.

खरी गंमत पुढे. आठवड्यात स्कूटरवाल्यांना वास लागला. त्यांना अडवायला मधोमध खांब रोवला. तर पहिल्या मजल्यावरच्या काकांची व्हीलचेअर अडकली! स्कूटरचं हँडल आणि व्हीलचेअर रुंदीला जवळजवळ सारखीच. एकीला अडवायचं नि दुसरीला सोडायचं, असं माप मिळणं कठीण. नागमोडी पाइप लावायचीही सूचना आली; त्यात माझी जुनी लेडीबर्ड सायकल वळेना, बाबागाडीचं तर नावच नको. खांब काढला. आता सकाळ-संध्याकाळ गर्दीच्या वेळी वॉचमन खुर्ची टाकून बसतो. तो चहाला गेला की एखादी स्कूटर सटकते. सटकू दे. काका रोज स्वतः जाऊन पेपर आणतात, ते मला जास्त मोलाचं वाटतं.

आठवीतल्या दोन मुली आता शाळेला सायकलनं जातात. मुख्य रस्ता टळला म्हणून आयांनी परवानगी दिली. पण गल्ली संपल्यावर एक चौक ओलांडावाच लागतो, तिथे गाड्यांचा वेग कमी करायला काहीच नाही. त्याचा अर्ज मी लिहून ठेवलाय, चाळीस सह्या झाल्यात.

दाराची वेळ सकाळी सहा ते रात्री दहा. या वेळेवरूनही भांडण झालंच. शेवटच्या बसनं येणारा तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा साडेदहाला पोचतो, आणि अजूनही भिंतीवरून उडी मारतो.