टाके घातलेली पाने

दापोली तालुक्यातील पालगडला जाण्याचा बेत आमच्या घरात गेली आठ-नऊ वर्षे दर दिवाळीला ठरत असे आणि तितक्याच नेमाने मोडत असे. कधी मुलांच्या परीक्षा आड येत, कधी आईचा गुडघा. या डिसेंबरात मात्र शहात्तर वर्षांच्या आईनेच "मला गाडीत बसवतंय तोवर चला" असे सांगितल्यावर कुणाला सबब सांगायला जागा उरली नाही. एका शनिवारी पहाटे साडेपाच वाजता मी, माझा नवरा, आई, दहावीतला मुलगा आणि नऊ वर्षांची मुलगी असे पाच जण पुण्याहून निघालो. साने गुरुजींचा जन्म याच महिन्यातला, २४ डिसेंबर १८९९ चा आणि पालगडचाच. परंतु ती तारीख आम्ही मुद्दाम टाळली, कारण त्या दिवशी तेथे माणसे असणार आणि गर्दीत उभे राहून कुठलेही घर मला नीट पाहता येत नाही.

ताम्हिणी घाट उतरून माणगाव गाठेपर्यंत मुलीला दोनदा उलटी झाली. माणगावजवळच वडघरला गुरुजींचे राष्ट्रीय स्मारक आहे, तेथे परतताना थांबू असे ठरवले आणि परतताना अर्थातच थांबलो नाही. महामार्गाविषयी लिहिण्यासारखे नवे काही नाही. महाडच्या पुढे तो सोडून आतल्या रस्त्याला लागल्यावर मोबाइलची रेंज गेली, मुलाने नाइलाजाने मान वर केली आणि खिडकीबाहेर डोंगर आहेत हे त्याच्या लक्षात आले.

'श्यामची आई' हे पुस्तक आमच्या लहानपणी घरात दोन कामांसाठी वापरले जाई. पहिले काम म्हणजे आम्हा भावंडांना हाणणे. उलट बोललो, ताटात टाकले, देवापुढची फुले विस्कटली, की "श्याम बघ कसा होता" हे ठरलेले. श्याम फसवतो, पुस्तके घेण्यासाठी चोरी करतो, पोहायला जावे लागू नये म्हणून लपून बसतो आणि आई त्याला शिंपटीने झोडपून बाहेर काढते, हे सारे त्याच पुस्तकात लिहिलेले आहे, याचा मोठ्या माणसांना तेवढ्यापुरता विसर पडत असे. माझी ही तक्रार मी गाडीत पुन्हा एकदा मांडली आणि आईने ती नेहमीप्रमाणे ऐकून सोडून दिली. दुसरे काम रात्रीचे. जेवणे आटोपल्यावर आई भिंतीला टेकून बसे आणि रोज एक 'रात्र' मोठ्याने वाचत असे. पुस्तकात अशा बेचाळीस रात्री आहेत. नाशिकच्या तुरुंगात, फेब्रुवारी १९३३ मध्ये, गुरुजींनी ते अवघ्या पाच दिवसांत लिहिले. आमची वाचने मात्र एकोणचाळिसाव्या रात्रीशी थांबत. "संपलं," असे म्हणून आई पुस्तक मिटे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होई. ती जुनी प्रत मी बरोबर घेतली होती. तपकिरी कागदाचे वेष्टण, त्यावर आईच्या हातचे नाव.

पालगडचे ते घर बसके आणि कौलारू आहे. आमच्याखेरीज आणखी एकच कुटुंब आले होते, तेही आवाज न करता हिंडत होते. आतील गुरुजींची छायाचित्रे मुलाने मन लावून पाहिली. मला वाटले होते त्यापेक्षा अधिक. मुलीला मात्र छायाचित्रांत रस नव्हता. श्याम कुठे लपला होता आणि ती विहीर कुठली, हे तिचे प्रश्न होते. माझ्या मनातल्या घराशी समोरचे घर ताडून पाहण्याचा प्रयत्न मी करत राहिले आणि तो फसला. इतक्या वर्षांत मी मनात जे घर बांधले होते, त्याला आमच्याच जुन्या वाड्याची ओटी होती.

गुडघ्यामुळे आई बाहेर सावलीत बसून राहिली होती. मुलगी तिच्याजवळ जाऊन पुस्तक चाळू लागली आणि थोड्या वेळाने तिने विचारले, "आजी, या पानांना भोकं का आहेत?" शेवटच्या काही पानांच्या कडेला, सारख्या अंतरावर, सुईने पाडलेली सहा बारीक भोके होती. मी ती चाळीस वर्षे ओळखत होते. चाळिसाव्या रात्रीपासून अखेरपर्यंतची पाने आईने काळ्या दोऱ्याने टाके घालून बंद केली होती. श्यामची आई शेवटी जाते हे मला दूरदर्शनवर अत्र्यांचा १९५३ सालचा चित्रपट लागला तेव्हा कळले. आपल्याला फसवले गेले या रागात, दुपारी आई झोपलेली असताना, मी तिच्या शिवणाच्या डब्यातली कात्री घेऊन ते टाके उसवले, न्हाणीघरात बसून पाने वाचली, रडले आणि पुस्तक होते तसे फळीवर ठेवून दिले. त्यानंतर कुणीच कधी काही बोलले नाही. आईचे रात्रीचे वाचनही त्याच सुमारास बंद पडले.

"टाके मीच उसवले होते," असे मी तेथे, त्या सावलीत, एकदाचे सांगून टाकले.

"ठाऊक आहे," आई म्हणाली. "कात्री डब्यात उलटी ठेवली होतीस."

मग तिने मुलीला, मला नव्हे, सांगितले, की तिची आई गेली तेव्हा ती अकरा वर्षांची होती. आजारपणात घरात मूल नको म्हणून तिला मामाकडे धाडले होते. तेरावा झाल्यावर तिला परत आणले आणि दारातच कुणीतरी सांगितले. पुस्तकातला श्यामही पोहोचतो तेव्हा उशीर झालेला असतो. "ती पानं मी शाळेत असताना एकदा वाचली होती. मोठ्याने वाचवेनात. आणि तुम्ही दोघं तर समोर बसून पुढचं मागायचा," एवढेच ती म्हणाली आणि पाण्याची बाटली मागितली. माझी आजी लवकर गेली हे मला माहीत होते. मामाकडचे ते दिवस मात्र मी प्रथमच ऐकत होते. एवढ्यात ते दुसरे कुटुंब निघाले आणि त्यांची गाडी बाहेर काढण्यासाठी नवऱ्याला आमची गाडी हलवावी लागली.

मुक्कामासाठी आम्ही दापोलीवरून पुढे लाडघरला गेलो. पुस्तकात जे तामस्तीर्थ आहे ते हेच. समुद्राचे पाणी तेथे तांबूस दिसते असे म्हणतात. आम्ही संध्याकाळी पोहोचल्यामुळे तो रंग पाण्याचा होता की मावळतीचा, यावरून घरात दोन तट पडले. मुलगी गुडघाभर भिजून आली तेव्हा नवऱ्याने धावत जाऊन गाडीच्या दाराशी वर्तमानपत्र अंथरले आणि तिला त्यावर पाय ठेवायला लावले. आंघोळ झाल्यावर तळव्यांना माती लागू नये म्हणून आपल्या आईला ओचे पसरायला लावणारा श्याम आम्हा सर्वांनाच आठवला. "तिथे पाय जपायचे होते, इथे सीटकव्हर," असे आई म्हणाली. नवरा दुखावला. वाळू अखेर गाडीत आलीच.

राहण्याची जागा यथातथाच होती. गाद्यांना ओलसर वास येत होता आणि दिवा इतका मंद होता, की मी खुर्ची ओढून त्याच्या अगदी खाली नेली. मुलीने हट्टाने पुस्तक माझ्या हातात दिले होते आणि चाळिसावी रात्रच वाचायची असे बजावले होते. मी सुरुवात केली. दुसरे पान उलटेपर्यंत ती झोपली, मुलगा तर आधीच झोपला होता. मी पुस्तक मिटू लागले तोच पलीकडच्या खाटेवरून, अंधारातून, आईचा आवाज आला.

"वाच पुढे."