मॅगसेसेंच्या फौजेतला एक सार्जंट

पुण्यात मॅगसेसे हे नाव कोणाला नवीन नाही. केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजींना १९९३ मध्ये आणि उरुळी कांचनच्या मणिभाई देसाईंना १९८२ मध्ये हा पुरस्कार मिळाला. त्याच्याही कितीतरी आधी, म्हणजे १९५८ साली, पुरस्काराच्या पहिल्याच वर्षी तो विनोबांना मिळाला होता. त्यामुळे हे नाव निघाले की आपल्याला समाजसेवेत आयुष्य वेचलेली माणसे आठवतात. ज्याच्या नावाने तो दिला जातो तो रामोन मॅगसेसे मात्र फिलिपिन्सचा संरक्षणमंत्री म्हणून प्रथम नावारूपाला आला आणि त्याचा तो लौकिक शेतकऱ्यांचे सशस्त्र बंड मोडून काढल्याचा होता, हे आपल्याकडे क्वचितच कोणी लक्षात ठेवते. माझ्या ते लक्षात राहण्याचे कारण घरगुती आहे. माझे सासरे त्या फौजेत होते.

मी पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून बाहेर पडल्यावर भातावरील संशोधनासाठी फिलिपिन्समधील लॉस बान्योसच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत गेलो, तिथेच माझे लग्न जमले आणि पत्नीला घेऊन मी पुण्याला परतलो. तिच्या वडिलांना तिच्याप्रमाणे मीही तातय म्हणत असे. निवृत्तीनंतर ते आमच्याकडे दीर्घ मुक्कामाला आले होते आणि फौजेतल्या दिवसांविषयी त्यांनी मला जे काही सांगितले ते बहुतेक त्याच काळात, सकाळच्या चहाच्या वेळी, इंग्रजीत आणि अडेल तिथे पत्नीच्या मदतीने सांगितले. स्वतःहून ते या विषयावर येत नसत. त्यांच्या तुकडीचा क्रमांक मी इथे मुद्दाम देत नाही, कारण त्यांच्या गावात दोन्ही बाजूंनी लढलेल्यांची घरे आजही शेजारी-शेजारी आहेत.

ते मूळचे नुएवा एसिहा प्रांतातले. लुझोन बेटाच्या मध्यभागी असलेला हा सपाट, भाताचा मुलूख आहे आणि शेजारचे पाम्पांगा, तार्लाक व बुलाकान हे प्रांतही तसेच आहेत. जमीन मोठ्या जमीनदारांची, कसणारी कुळे वेगळी आणि पिकाची वाटणी अर्धेलीने, असा तिथला रिवाज होता. बियाण्यासाठी आणि पावसाळ्यातल्या पोटासाठी काढलेले कर्ज वळते झाले की कुळाच्या अर्ध्या वाट्यातलेही फारसे काही घरी येत नसे. मार्च १९४२ मध्ये जपान्यांविरुद्ध लढण्यासाठी इथे हुकबालाहाप, थोडक्यात हुक, ही सेना उभी राहिली आणि तिच्यात याच कुळांची मुले भरती झाली. युद्ध संपल्यावर त्यांचा नेता लुइस तारुक १९४६ च्या निवडणुकीत पाम्पांगातून रीतसर निवडून आला, पण त्याला आणि त्याच्या सहकाऱ्यांना संसदेत बसू दिले गेले नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हुआन फेलेओ या शेतकरी पुढाऱ्याला पळवून नेऊन मारण्यात आले. हुकांनी पुन्हा रानाची वाट धरली. तातयांचा थोरला चुलतभाऊ त्यांच्यात होता. तातय स्वतः मात्र १९४९ मध्ये सरकारी फौजेत भरती झाले. असे का केले, या माझ्या प्रश्नावर त्यांचे उत्तर होते की घरात खाणारी तोंडे सात होती आणि फौज महिन्याच्या महिन्याला पगार देत असे. यापलीकडे कोणतेही तात्त्विक कारण त्यांनी मला कधी सांगितले नाही आणि नंतर सुचलेले कारण ते आधीचे म्हणून सांगत नव्हते, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

भरती झाले त्याच वर्षी एप्रिलमध्ये माजी राष्ट्राध्यक्ष केझोन यांची पत्नी आउरोरा, तिची मुलगी व जावई हे बालेरकडे जात असताना नुएवा एसिहातल्याच डोंगररस्त्यावर गोळीबारात मारले गेले होते. त्या हत्येने हुकांविषयीची शहरी सहानुभूती आटली, असे इतिहासात लिहिलेले असते. तातयांच्या आठवणीत मात्र त्या घटनेनंतर गावोगाव सुरू झालेल्या झडत्या अधिक ठळक होत्या. तोपर्यंत बंडखोरांचा बंदोबस्त मुख्यतः कॉन्स्टॅब्युलरीकडे, म्हणजे लष्करी धर्तीच्या पोलीस दलाकडे होता आणि त्याच्या जोडीला जमीनदारांच्या पदरचे हत्यारबंद रखवालदार असत. १९५० च्या गुड फ्रायडेला पाम्पांगातल्या बाकोलोर भागात अशाच रखवालदारांनी शेतकऱ्यांची कत्तल केली. हुकही काही संत नव्हते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांनी तार्लाकच्या माकाबुलोस छावणीवर हल्ला केला तेव्हा छावणीच्या रुग्णालयातले रुग्ण आणि परिचारिकासुद्धा त्यांच्या हातून सुटल्या नाहीत.

झडतीची पद्धत तातयांनी मला एकदाच सांगितली. जपान्यांच्या काळात त्यांनी ती गावकरी म्हणून पाहिली होती आणि आता शिपाई म्हणून तिच्यात उभे राहायचे होते. पहाटे गावाला वेढा घालायचा, पुरुषांना चर्चसमोरच्या पटांगणात रांगेने बसवायचे आणि डोक्यावर डोळ्यांपुरती भोके पाडलेली वेताची पिशवी घातलेल्या खबऱ्याला रांगेसमोरून फिरवायचे. तो ज्याच्यासमोर मान हलवील त्याला बाजूला काढले जाई. एका सकाळी त्यांच्याच आजोळच्या गावात हे काम होते. वेढ्यात त्यांची जागा एका विहिरीपाशी होती आणि रांगेतले निम्मे चेहरे त्यांच्या ओळखीचे होते. खबऱ्याच्या पायातल्या चपलेवरून त्यांनी त्यालाही ओळखले, कारण ती टायरची चपल गावातल्या एकाच माणसाने बनवलेली होती. त्या दिवशी बाजूला काढलेल्या तिघांपैकी दोघे परत आले. तिसऱ्याविषयी मी विचारले तेव्हा, मी विहिरीपाशी होतो, एवढेच ते म्हणाले. पुढे मी विचारले नाही.

१ सप्टेंबर १९५० रोजी राष्ट्राध्यक्ष किरिनो यांनी मॅगसेसेंना संरक्षणमंत्री केले. कॉन्स्टॅब्युलरी सैन्याच्या अधिपत्याखाली आणली गेली आणि लढाईचा भार ‘बटालियन कॉम्बॅट टीम’ नावाच्या तुकड्यांवर आला. सुमारे हजार-अकराशे माणसांची ही तुकडी स्वतःच्या पायांवर उभी असे: पायदळाच्या कंपन्या, टेहळणीची कंपनी, जड हत्यारे, तोफा, आणि जनतेशी संबंध ठेवणारी माणसेसुद्धा तिच्यातच असत. सुरुवातीला अशा दहा तुकड्या होत्या, पुढे त्या सव्वीस झाल्या. ऑक्टोबरमध्ये मनिलात छापे घालून हुकांच्या पाठीशी असलेल्या कम्युनिस्ट पक्षाचे वरिष्ठ नेतृत्व पकडण्यात आले आणि पुस्तकांत या छाप्यांना मोठे स्थान आहे, ते योग्यही आहे. पण सार्जंटच्या पातळीवर सर्वांत मोठा बदल कोणता झाला असे विचाराल तर तातय कोंबड्यांविषयी बोलत.

त्याचे असे होते, की शिपायाला जेवणासाठी दिवसाला तीस सेंटाव्हो (शंभर सेंटाव्होंचा एक पेसो) मिळत आणि तेवढ्यात पोट भरत नसे. मग गस्तीवर गेलेली तुकडी गावातूनच खाई. कोणाच्या परड्यातली कोंबडी, कोणाच्या कणगीतला तांदूळ, कोणाचे डुकराचे पिल्लू, आणि पैसे द्यायचे तर ते खिशात नसतच. एका गावातली म्हातारी सैनिक दिसताच अंगणात बसून मोठ्याने कोंबड्या मोजू लागे आणि तुकडी निघताना पुन्हा मोजे, तेही कंपनीच्या कमांडरच्या समोर. हसण्यावारी नेण्यासारखीच गोष्ट होती, पण तातय म्हणत की तिचा आवाज ऐकला की मान वर होत नसे. मॅगसेसेंनी हा भत्ता तीस सेंटाव्होंवरून एक पेसो केला आणि गावातून घेतलेल्या प्रत्येक वस्तूचे पैसे चुकते करण्याची सक्ती केली. मंत्री स्वतः पूर्वसूचना न देता, रंगीत शर्ट घालून, भल्या पहाटे छावणीत येऊन उभे राहत, भटारखान्यातले भांडे उघडून पाहत आणि झोपलेला अधिकारी सापडला तर त्याची जागेवर उचलबांगडी करत. शिवाय कोणाही नागरिकाला दहा सेंटाव्होंत थेट मंत्र्याला तार करता येईल अशी सोय झाली. कोंबड्या मोजणाऱ्या म्हातारीने तार केली नाही, पण ती करू शकते हे प्रत्येक शिपायाला ठाऊक झाले, आणि माझ्या मते या बंडाचा निकाल बंदुकांपेक्षा या धाकाने अधिक लावला.

एडवर्ड लान्सडेल या अमेरिकी अधिकाऱ्याने योजलेल्या मानसशास्त्रीय युक्त्यांच्या कथा, विशेषतः रक्त पिणाऱ्या ‘अस्वांग’च्या भीतीचा उपयोग करून हुकांना टेकडीवरून हुसकावल्याची कथा, इंग्रजी लेखनात फार चवीने सांगितल्या जातात. तातयांनी ती गोष्ट निवृत्तीनंतर प्रथम ऐकली. हाच लान्सडेल पुढे व्हिएतनामला गेला आणि फिलिपिन्सचा नमुना तिथे उपयोगी पडला नाही, यावरून त्या युक्त्यांची किंमत काय ती वाचकाने करावी.

नोव्हेंबर १९५१ च्या निवडणुकीत तातयांची नेमणूक एका शाळेतल्या मतदान केंद्राबाहेर झाली होती. १९४९ ची निवडणूक इतकी लबाडीची होती, की लानाओ प्रांतात पक्ष्यांनी आणि फुलांनी मतदान केले असे लोक चेष्टेने म्हणत. या वेळी सैन्य आणि लष्करी शिक्षण घेणारे विद्यार्थी केंद्रांवर उभे राहिले. निकालात सत्ताधारी लिबरल पक्षाला सिनेटमध्ये सपाटून मार खावा लागला. म्हणजे ज्या सरकारचा पगार घेत होतो त्याच सरकारचा पराभव आपण राखणीला उभे राहून होऊ दिला, याचा त्यांना शेवटपर्यंत अभिमान होता. पदकांविषयी बोलताना ते इतके खुलत नसत.

आता विनोबांकडे येतो. हुकांची घोषणा कसणाऱ्याला जमीन अशी होती. शरण येणाऱ्या हुकाला जमीन द्यायची ही योजना सैन्याने १९५१ च्या प्रारंभी मिंडानाओ बेटावर, लानाओतल्या कापातागान इथे सुरू केली. घर, काही हेक्टर जमीन, अवजारे आणि बैलाऐवजी रेडा, असे तिचे स्वरूप होते. त्याच वर्षी १८ एप्रिलला तेलंगणातल्या पोचमपल्लीत रामचंद्र रेड्डींनी शंभर एकर दिले आणि भूदान सुरू झाले. तोही कम्युनिस्ट शेतकऱ्यांच्या सशस्त्र लढ्याचाच मुलूख होता. सात वर्षांनी त्याच मॅगसेसेंच्या नावाचा पहिला पुरस्कार विनोबांना मिळावा, हा मला केवळ योगायोग वाटत नाही: एकच दुखणे दोन देशांत एकाच वर्षी दोन वेगळ्या वैद्यांनी हाताळले होते. फरक एवढाच, की भूदानात मन वळवणारा निःशस्त्र होता. मिंडानाओच्या वसाहतींचे गोडवे पुष्कळ गायले गेले, पण सगळ्या मिळून त्यांत हजाराच्या आतच कुटुंबे वसली आणि माजी हुक त्यांच्या जेमतेम चौथा हिस्सा होते. शिवाय ती जमीन ओसाड पडलेली नव्हती. त्या बेटावरच्या मुसलमान जमातींचा तिच्यावर पिढ्यान्‌पिढ्यांचा हक्क होता आणि बाहेरून येणाऱ्या वसाहतकऱ्यांच्या लोंढ्यातून तिथे पुढे वेगळाच रक्तपात उद्भवला. तातयांना याची कल्पना होती. आम्ही आमचे भांडण दुसऱ्याच्या शेतात नेऊन पुरले, असे ते म्हणाले होते.

त्यांच्या मुक्कामात साळुंके विहारमध्ये राहणारे आमचे एक स्नेही, मिझो टेकड्यांत काम केलेले निवृत्त कर्नल, त्यांना भेटायला येत. तिकडे १९६७ पासून गावे उठवून रस्त्यालगतच्या एकत्रित वस्त्यांत बसवण्यात आली होती. कर्नलसाहेबांना जाणून घ्यायचे होते, की तुम्ही मध्य लुझोनमध्ये तसे सरसकट का केले नाही. तातयांनी उत्तर दिले, की १९४६ पासूनच्या धामधुमीत लोक आपणहून कितीदा तरी घरे सोडून शहरात पळाले होते आणि प्रत्येक वेळी खाचरे पडीक राहून पुढच्या वर्षी उपासमार व हुकांची भरती दोन्ही वाढत होती. कर्नल बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी आयझॉलच्या वाटेवरच्या एका झूम, म्हणजे फिरत्या शेतीच्या, शेताविषयी सांगायला सुरुवात केली आणि संध्याकाळ त्या दोघांचीच झाली.

तारुक १७ मे १९५४ रोजी शरण आला. तोवर मॅगसेसे राष्ट्राध्यक्ष झाले होते. कुळांना सैन्याचे वकील फुकट मिळवून देणाऱ्या या माणसाला जमीन सुधारणेचा कायदा मात्र जमीनदारांनी भरलेल्या संसदेतून १९५५ मध्ये पुष्कळ पातळ होऊनच मिळाला, आणि १७ मार्च १९५७ रोजी सेबूमधल्या विमान अपघातात ते गेले. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, १ एप्रिल १९५७ रोजी, आपल्याकडे कूळकायद्याने कुळे जमिनीची मालक झाली. कोकणातल्या आणि पुणे जिल्ह्यातल्या कित्येक घरांनी त्या तारखेने जमीन मिळवली किंवा गमावली. आमच्या घराने गमावली, आणि तरीही तातयांच्या गावची हकीकत ऐकल्यावर त्याबद्दल आमच्या आजोबांसारखा त्रागा मला करता येत नाही.

तातयांच्या घरी तो दिवस यायला ऑक्टोबर १९७२ उजाडावा लागला. मार्कोसने लष्करी कायदा पुकारल्यावर काढलेल्या हुकमाने भात आणि मका पिकवणाऱ्या कुळांना जमीन मिळायची होती, पण फुकट नव्हे. वर्षाच्या सरासरी पिकाच्या अडीचपट किंमत पंधरा वार्षिक हप्त्यांत फेडायची होती. तोपर्यंत रानातून परतलेला तो थोरला चुलतभाऊ वडिलार्जित कुळाची जमीन कसत होता आणि त्याच्या नावाचा दाखला निघाला. पीक बुडालेल्या वर्षी हप्ता भरणे त्याच्या आवाक्याबाहेरचे होते. अशा वर्षांचे हप्ते तातयांनी आपल्या फौजेच्या निवृत्तिवेतनातून भरले आणि त्याबद्दल सासूबाई त्यांच्याशी वर्षानुवर्षे भांडत आल्या.